पिवळी बादली

बादली वर आली तेव्हा सगळ्यांच्या आधी मी बघितलं, कारण दोर माझ्याच हातात होता.

पाणी पिवळं होतं.

मी बादली कठड्यावर ठेवली आणि बाजूला झाले. ज्याला बघायचं त्यानं बघावं. मागं अख्खी करंजवडी जमली होती. पुढं सरपंच हणमंततात्या, त्यांच्या शेजारी आमचे आबा, आणि लांब आंब्याखाली जीपला टेकून धुमाळशेठ. बाया कण्हेरीच्या कडेला वेगळ्या उभ्या. मे महिन्याचं ऊन, सगळ्यांच्या कपाळावरनं घाम गळत होता, पण एकाही बाईनं पदराखालचा हात काढून तो पुसला नाही. हे मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही, कारण डोक्यात जाळ झाला होता.

तात्यांनी बादलीत डोकावलं आणि म्हणाले, "झालं. परत आपलं पहिलंच पाणी."

आबांनी खांद्यावरचा पांढरा टॉवेल काढला, त्याची घडी घातली, परत खांद्यावर टाकला. आबांची ती घडी मला कळते. मला कळलं, जमीन गेली.

त्याचं असं होतं. गावाच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता, कातडं कमवायला लागतं ते रसायन बनवायचा. गाव त्याला पिवळी कंपनी म्हणायचं. मी लहान असताना तो बंद पडला. मालक कुठं गेला कुणाला माहीत, पण जाताना पिवळ्या चिखलाचा डोंगर मागं ठेवून गेला. पावसाचं पाणी त्या डोंगरातनं झिरपायचं आणि जमिनीखालनं थेट आमच्या विहिरीत यायचं. विहीर आमच्या रानात, पण पाणी सगळ्या वाडीचं. एका उन्हाळ्यात ते पिवळं झालं. गढूळ नाही हं, नितळ पिवळं. गोड्या तेलासारखं. बादलीचा तळ दिसायचा आणि पिवळाच दिसायचा.

तेव्हापासून प्यायला टँकर आणि धुवायला तीच विहीर. माझा शाळेचा पांढरा शर्ट त्या पाण्यानं पिवळा पडला. साबण घासून घासून माझी बोटं सोलली, पण डाग हलला नाही. नववीत वर्गातला एक पोरगा मला रोज 'हळदीची नवरी' म्हणायचा. मी त्याला सांगितलं होतं, हळद असती तर साबण लावल्यावर लाल झाली असती, अक्कल असेल तर आईला विचार. त्यानं आईला विचारलं नाही, परत म्हणाला. मग मी त्याच्या डोक्यात डबा घातला. तीन टाके. हेडसरांनी माफी माग म्हटलं, मी नाही म्हटलं, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

आबा तोवर वाशीला एका गोडाऊनवर वॉचमन झाले होते. रानात काही पिकत नव्हतं, पिकलं तर कुणी घेत नव्हतं. आणि गंमत बघा, धुमाळशेठना आमच्या रानात काय बांधायचं होतं? गोडाऊनच. शेठ माणूस वाईट नव्हता. दर सहा महिन्यांनी यायचा, चहा प्यायचा, विचारायचा, जायचा. आबा दर वेळी बघू म्हणायचे.

मग इनामदार मॅडम आल्या. सांगलीच्या. सरकारनं नेमलेल्या एका कंपनीकडनं, माती आणि पाणी साफ करायच्या कामावर. पहिल्यांदा त्यांनी तो पिवळा डोंगर ताडपत्र्या टाकलेल्या गाड्यांत भरून हलवला. मग कंपनीपासून आमच्या बांधापर्यंत ओळीनं बोअर मारले आणि त्यांत काय सोडलं असेल? मळी. साखर कारखान्यातली काळी, चिकट मळी. तात्या म्हणाले होते, आता जमिनीला शुगर होणार. गाव महिनाभर हसत होतं. मॅडम पण हसल्या, आणि मग पारावर बसून त्यांनी सांगितलं. जमिनीत बारीक जीव असतात, त्यांना गोड मिळालं की ते वाढतात, आणि त्यांच्यामुळं पाण्यातलं विष विष राहत नाही, मातीला चिकटून गप बसतं. वेळ लागतो, पण होतं.

मॅडमनी मला कामावर घेतलं. बोअरमध्ये मळी सोडायची, आणि विहिरीवरच्या जाळीचं कुलूप सांभाळायचं. विहिरीत वरनं काही पडता कामा नये, बाहेरचं पाणी नाही, पालापाचोळा नाही, अगदी खडासुद्धा नाही, नाहीतर तपासणीला अर्थ राहणार नाही, असं त्यांनी मला आणि सगळ्या गावाला बजावलं होतं. मी ती किल्ली करगोट्यात बांधून फिरायचे. आई म्हणायची, बघा, तिजोरी आली.

मळी जिथं सांडायची तिथं मुंग्या यायच्या. बोअरच्या ओळीनं मुंग्यांची ओळ. मला दुसरा उद्योग नव्हता, मी त्या बघत बसायचे. कुठल्या बोअरला तांबड्या, कुठल्या बोअरला काळ्या, सगळं पाठ. विहिरीवर मात्र मुंगी नाही, कारण तिथं गोड काहीच नव्हतं.

दोन पावसाळे गेले आणि विहिरीचा पिवळेपणा उतरायला लागला. आधी लिंबाच्या सरबतासारखं झालं, मग नुसती झाक राहिली, आणि त्या उन्हाळ्यात खालची पायरी दिसायला लागली. काळ्या दगडाची, काळीच. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, "उन्हाळ्यातली शेवटची तपासणी सगळ्या गावासमोर करा. मी येतो. शेठला पण बोलावतो. पाणी नितळ निघालं तर मी घरी, नाहीतर जमीन त्याची. आता मधे लोंबकळत राहायचा कंटाळा आला, वैजू."

त्या तपासणीच्या दिवशी पाणी पिवळं निघालं.

"काल संध्याकाळी मी बघितलंय," मी म्हटलं. "पायरी दिसत होती. काल नितळ होतं."

कुणी तरी मागनं म्हणालं की उन्हात पोरीचे डोळे दिपले असतील. मी सरळ आंब्याकडं वळले. धुमाळशेठ चष्मा पुसत होता. एका रात्रीत विहीर पिवळी होते आणि फायदा कुणाचा होतो, हे काढायला शाळा लागत नाही.

"तुम्ही टाकलंय काहीतरी," मी म्हटलं. "किती दिलं कुणाला?"

शेठचा चेहरा पडला. तो म्हणाला, "पोरी, मी आत्ता येतोय कोल्हापुरातनं."

"मग माणूस पाठवला असेल."

"वैजयंता." आबांनी माझं पूर्ण नाव घेतलं, म्हणजे संपलं. "कुलूप तुटलंय का?"

कुलूप तुटलं नव्हतं. मीच तर उघडलं होतं.

"किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

"मग शेठनं टाकलं कसं? माफी माग."

मी मागितली नाही. माझं ते एक जमतच नाही. मी विहिरीच्या मागच्या बाजूला, मोटेच्या जुन्या दगडाजवळ जाऊन पाठ करून बसले. कान मात्र तिकडंच.

मॅडमनी बाटलीत पाणी घेतलं, त्यात त्यांचं औषध टाकलं. ते मला माहीत होतं. विष असेल तर पाणी जांभळट गुलाबी होतं, जेवढं जास्त तेवढं गडद. सगळे मान पुढं करून बघत होते. गुलाबी झालं नाही. त्यांनी दुसरी बाटली घेतली. तीही नाही.

मॅडम म्हणाल्या, "ह्याच्यात क्रोमियम, म्हणजे कंपनीचं ते विष, दिसत नाही. पण मग हा रंग कसला, हे मला आत्ता सांगता येत नाही. लॅबला पाठवते. आठवडाभर थांबा."

तिथं चूक झाली. मॅडम खरं बोलल्या, पण गावाला ते खोटं वाटलं. तात्यांनी तंबाखू मळता मळता सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "मॅडम, तुम्ही चांगलं काम केलंय, नाही म्हणत नाही. पण डोळ्याला पिवळं दिसतंय आणि तुमचं औषध म्हणतंय पिवळं नाही. औषध तुमचं, बाटली तुमची. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

आबा शेठकडं चालायला लागले. त्यांच्या वहाणांचा आवाज मला आजही येतो, फटक फटक, घाई नाही काही नाही. मी मान खाली घातली, कारण रडू आलं की मला कुणी बघितलेलं चालत नाही.

आणि खाली मुंग्या होत्या.

विहिरीवर मुंगी नसते, हे मी सांगितलंच. आता मात्र मोटेच्या दगडाच्या फटीतनं तांबड्या मुंग्यांची रांग निघाली होती, आणि रांगेतल्या दहाबारा जणी मिळून एक दाणा ओढत होत्या. मी तो उचलला. गहू. शिजवलेला, फुगलेला, टरफल फाटलेला. घुगरी. त्याला पिवळं लागलं होतं. दगडावर हात फिरवला तर दगड ओला. मे महिन्यात, उन्हात, मागच्या बाजूचा दगड ओला म्हणजे कुणी तरी तो घासून धुतला होता. खालच्या खाचेत मात्र हात पोचला नसावा. तिथं कुंकू होतं.

मग मला पहाट आठवली. टँकर हायवेच्या फाट्यावर पाचला येतो, आई म्हणाली होती, आज तू जा रांगेत, आणि किल्ली ठेवून जा बाई, गर्दीत पडली तर आजच्या दिवशी घोटाळा व्हायचा. आई माझ्या वस्तूंची एवढी काळजी कधी करत नाही.

मी मान वर करून बायांकडं बघितलं. आता दिसलेलं डोक्यात शिरलं. सगळ्यांचे हात पदराखाली. पल्लवीवहिनी, शेजारची, तिचं बाळ जेमतेम सव्वा महिन्याचं, ती त्याला घेऊन भर उन्हात कशाला आली होती? बाळाच्या दुपट्याच्या कडेला पिवळी बोटं उमटली होती. मी आईच्या डोळ्यांत बघितलं. आईनं हळूच मान हलवली. नको.

बाईमाणसाचं नाव गावासमोर घ्यायचं आणि तेही आईचं. मी रागीट आहे, पण एवढी नाही. पण आबा जीपजवळ पोचले होते.

मी उठले आणि ओरडून म्हणाले, "आबा, तुमचा टॉवेल द्या."

त्यांना वाटलं मी रडतेय, तोंड पुसायला पाहिजे. ते परत आले आणि टॉवेल दिला. मी तो रिकाम्या घागरीच्या तोंडावर बांधला आणि बादली त्याच्यावर ओतली. कंपनीचं पिवळं पाणी फडक्यातनं जसंच्या तसं खाली उतरायचं, ते मी लहानपणापासून बघितलंय. आजचं पाणी घागरीत उतरलं ते जवळजवळ पांढरं. पिवळं वर टॉवेलवर राहिलं, साय धरल्यासारखं.

"तात्या, चुना द्या."

"कशाला गं?"

"द्या तर."

तात्यांनी डबी पुढं केली. मी बोटभर चुना घेतला आणि त्या पिवळ्यावर घासला. सगळे बघत होते, धुमाळशेठसुद्धा जवळ आला होता. टॉवेल माझ्या बोटाखाली लाल झाला. कुंकवासारखा लाल.

हे कुणाला समजवावं लागलं नाही. करंजवडीत असा माणूस नाही ज्याला हळदीला चुना लावल्यावर काय होतं ते माहीत नाही. हे औषध मॅडमचं नव्हतं, तात्यांच्या खिशातलं होतं.

"हळद?" तात्या म्हणाले. "विहिरीत हळद कुठनं आली?"

मला वाटलं, मी माझं केलं, आता पुढचं देव बघेल. एक पोरगं खोकललं. मग आईनं पदराखालनं दोन्ही हात काढले आणि समोर धरले. मनगटापर्यंत पिवळे.

"मी टाकली," आई म्हणाली.

पल्लवीवहिनीची सासू म्हणजे मोठी तोंडाळ बाई. तिनं आईला ढकललंच. "एकटी कशाला होतेस गं पुढं? सगळ्यांनी टाकली." आणि तिनं हात काढले. मग पल्लवीवहिनीनं काढला, बाळ दुसऱ्या हातावर घेऊन. मग एकामागून एक सगळ्यांनी. कण्हेरीला पिवळी फुलं लागावीत तसे हात.

मग ते बाहेर आलं. आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की विहिरीवर पाणी पुजायला जाते. हळदकुंकू वाहते, घुगऱ्या वाटते, विहिरीला सांगते की हे तुझं लेकरू. विहीर पिवळी झाल्यापासून वाडीतल्या एकाही बाईनं पाणी पुजलं नव्हतं. विषाला काय लेकरू दाखवायचं? कुणी नळाची तोटी पुजली, कुणी टँकरचं चाक. पल्लवीवहिनीची वेळ आली तेव्हा विहिरीची पायरी दिसायला लागली होती. तिनं सासूला विचारलं, मी खरी विहीर पुजू का? सासू म्हणाली, तुझ्या आधीच्यांची राहिलीय, त्यांना सोडून तू कशी पुजशील? म्हणून सगळ्या गेल्या. प्रत्येकीनं आपापल्या पोराची राहिलेली पूजा केली, कुणाची दोन पोरं, कुणाची तीन. एवढी वर्षं विहिरीला उपाशी ठेवलं म्हणून चिमटीनं कुणी वाहिली नाही, मुठीनं वाहिली. उन्हाळ्याचं कमरेएवढं पाणी, त्यात अख्ख्या वाडीची हळद. नंतर घाबरल्या आणि दगड धुतले. पण पाणी कसं धुणार?

"आजच करायचं होतं का?" आबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"आजच," आई म्हणाली. "आज तुम्ही विहीर देऊन टाकली असती तर? मग कुठं पुजायची होती?" आणि पुढं म्हणाली, "शिवतेजच्या वेळी मी प्लॅस्टिकचा ड्रम पुजलाय. पोराला सगळं गाव ड्रम्या म्हणतं. तुम्ही वाशीला, तुम्हाला ऐकू येत नाही."

शिवतेज माझा भाऊ. तो तिथंच जाळीवर चढून उभा होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागल्यावर त्यानं छाती पुढं काढली.

मॅडम कठड्यावर बसल्या होत्या. आधी मला वाटलं त्यांना चक्कर आली. त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि मधेच रागावत होत्या. खडासुद्धा टाकू नका म्हटलं होतं, त्या म्हणाल्या. पल्लवीवहिनीची सासू म्हणाली, "खडा कुठं टाकलाय, बाई? हळद टाकलीय." मग मॅडमनी सरळ सांगितलं, की पाणी उपसून चार दिवसांनी परत घेऊ, लॅबलाही पाठवू, आणि प्यायला अजून परवानगी नाही, त्याला आणखी वेळ जाईल. रानाला मात्र चालेल असं त्यांच्या औषधानं आज सांगितलंय, आणि त्यांचा त्या औषधावर विश्वास आहे.

"आमचा चुन्यावर आहे," तात्या म्हणाले. "दोन्ही जुळलंय. बास."

आबांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला. अर्धा पिवळा, अर्धा लाल. तो तसाच खांद्यावर टाकला, वहाणा काढल्या आणि विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले. इतक्या वर्षांत ते खाली उतरले नव्हते. तळाशी पोचल्यावर त्यांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग वर बघून म्हणाले, "वैजू, बादली सोड. उपसायला घेऊ."

धुमाळशेठ जीपकडं निघाला होता. आबांनी खालनंच हाक मारली. विहिरीतनं हाक घुमते, सगळ्या रानात ऐकू आली.

"शेठ, असं जाऊ नका. घुगऱ्या खाऊन जा."

शेठ थांबला. त्याला कळलं. तो परत आला, आंब्याखाली मांडी घालून बसला, आणि आईनं त्याच्या ओंजळीत घुगऱ्या वाढल्या. खाताना तो माझ्याकडं बघत होता. मी जाऊन त्याच्या ओंजळीत आणखी मूठभर टाकल्या. ती माफी होती. त्यानं घेतली.

मी आता एकोणीस वर्षांची आहे. आबा घरी आहेत, विहिरीखाली कांदा आहे. प्यायची परवानगी मागच्या हिवाळ्यात आली. मळी मी अजून सोडते, आणखी दोन गावांत, तिथलं पाणी अजून पिवळं आहे, आणि तिथल्या बाया मला पहिल्याच दिवशी विचारतात, पूजा केली तर चालेल का. मी म्हणते चालेल की. हळद दगडाला, पाण्याला नाही. आणि हात लपवायचे नाहीत.

त्या तपासणीच्या दिवशी संध्याकाळी पोरं विहिरीवर जमली होती आणि सवयीनं कुणी तरी म्हणालं, ए ड्रम्या, सरक. शिवतेजनं त्याच्याकडं बघितलं. मी मुठी आवळल्या, कारण आमच्या घरात डबा घालायची रीत आहे. पण तो नुसता म्हणाला, "ड्रम्या कुणाला म्हणतोस? मी विहिरीचा आहे," आणि कठड्यावर ऐसपैस बसून राहिला.